तालुक्याच्या पॉलिटेक्निकात इनोव्हेशन सेंटर: २५ लाख नेमके कशावर घालायचे?

द्राक्षपट्टा:

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी विनाअनुदानित पॉलिटेक्निक आहे. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर अशा तीन शाखा. इनोव्हेशन कौन्सिल कागदावर आहेच. वर्षातून एक हॅकेथॉन, एक व्याख्यान, एक पोस्टर स्पर्धा, फोटो पोर्टलवर चढवले की वर्ष संपलं. त्यातून एकही वस्तू बाजारात गेलेली नाही. आता संस्थेने दोन वर्षांसाठी मिळून २५ लाख मंजूर केलेत आणि 'इथून उद्योजक घडले पाहिजेत' असं सांगितलंय.

एका पुरवठादाराने लगेच २४ लाख ८० हजारांचं कोटेशन दिलं. त्यात रोबोटिक आर्म, ड्रोन, सहा व्हीआर हेडसेट, दोन थ्रीडी प्रिंटर, भिंतींवरचे रंगीत पॅनेल आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण. मुलं बहुतेक शेतकऱ्यांची, आसपास द्राक्ष आणि बेदाणा. पालकांना पोरगं चाकणला चिकटलेलं हवंय.

यंत्रं कुठली घ्यावीत, माणसं किती लागतील, विषय कुठून आणायचे आणि पेटंट-कंपनी या भानगडीत कधी पडायचं, एवढं सांगा. प्रेरणा नको, तपशील हवा.

---

लेथवाला:

ते कोटेशन परत पाठवा. रोबोटिक आर्मवर मुलं पहिल्या महिन्यात पेन उचलून दाखवतील, नंतर पाहुणे आले की त्यावरचं कापड निघेल. व्हीआर हेडसेटचं तर तुमच्या तालुक्यात गिऱ्हाईकच नाही.

मुख्य चूक अशी होते की ९० टक्के पैसे यंत्रांत जातात आणि ती चालवणारा माणूस, कच्चा माल व दुरुस्ती यांना काही उरत नाही. पॉलिटेक्निक म्हणजे लेथ, आर्क वेल्डिंग, ड्रिलिंग मशीन वर्कशॉपमध्ये असणारच, ते पुन्हा घेऊ नका. २५ लाखांची माझी मांडणी अशी (भाव अंदाजे, कोटेशन घेऊन खालीवर करा):

यंत्रं ८ लाख. माणसं पावणेसात लाख. हत्यारं दीड लाख. वायरिंग, अर्थिंग आणि एक्झॉस्ट सव्वा लाख. कच्चा माल अडीच लाख. मुलांना द्यायच्या छोट्या रकमा ३ लाख. चाचण्या आणि पेटंट फी २ लाख.

आठ लाखांत साडेतीन लाखांपर्यंत ८० ते १०० वॅटचा सीओ-टू लेझर कटर (चिलर आणि एक्झॉस्ट ब्लोअर धरून), ८० हजारांत दोन साधे एफडीएम (प्लास्टिकची तार वितळवून थर रचणारे) थ्रीडी प्रिंटर, ६० हजारांत मिग वेल्डिंग, साधारण तेवढ्यातच हाताने चालणारं पत्रा कापायचं आणि वाकवायचं मशीन. एक लाखात इलेक्ट्रॉनिक्सचं टेबल: दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप, दोन पॉवर सप्लाय, चार सोल्डरिंग स्टेशन. ७५ हजार मोजमापाच्या साधनांना ठेवाच: टॅकोमीटर, लोड सेल, एनर्जी मीटर, ओलावा मापक. मोजमापाची साधनं कोणी घेत नाही आणि मग 'आमच्या यंत्राने ४० टक्के वीज वाचते' हे वाक्य पोस्टरवर हवेत तरंगत राहतं. उरलेले ७५ हजार दुरुस्तीला.

लेझर कटरबद्दल एक नियम दारावरच लावा: पीव्हीसी, रेक्झिन, फ्लेक्स यातलं काही कापायचं नाही. क्लोरीनयुक्त वायू निघतो, तो माणसाला विषारी आणि मशीनचे रेल-लेन्स गंजवतो. ॲक्रिलिक, एमडीएफ, प्लायवुड, पुठ्ठा चालतो. कटिंग चालू असताना माणूस जागेवर हवाच, ॲक्रिलिक पेटतं.

माणसं: आयटीआय झालेला फिटर किंवा टर्नर, महिना १८ हजारांनी दोन वर्षांचे ४ लाख ३२ हजार. इलेक्ट्रॉनिक्सचा अर्धवेळ माणूस १० हजारांनी २ लाख ४० हजार. पावणेसात लाख तिथे संपले. समन्वयक प्राध्यापकाला वेगळा पगार नको, पण त्याचे आठवड्याचे निम्मे तास वेळापत्रकातून खरोखर काढा. 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून दिलेलं सेंटर दिवाळीपर्यंत टिकतं.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते.

वेळ. कॉलेज सुटल्यावर सेंटर बंद होत असेल तर त्याला अर्थ नाही. संध्याकाळी ५ ते ९ आणि रविवारी अर्धा दिवस उघडं हवं. फिटरची पाळी दुपारी १ ते ९ करा.

खरेदी. मुलाला आज ६२०४ नंबरचं बेअरिंग हवं असतं. तुमच्या पद्धतीने मागणीपत्र, तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, प्राचार्यांची सही, बेअरिंग महिन्याने. तोवर मुलाचा रस गेलेला असतो. २० हजारांचा इम्प्रेस्ट (हातखर्चाची कायम रक्कम) समन्वयकाच्या हाती द्या. २ हजारांपर्यंतची खरेदी त्याच्या सहीने, संस्थेच्या नावाचं बिल, दर पंधरवड्याला हिशेब देऊन रक्कम पुन्हा भरून घ्यायची. नियामक मंडळाचा ठराव आधी करून घ्या, नाहीतर ऑडिटर अडवतो.

आणि डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या कायम वस्तूंची नोंदवही. संस्थेच्या पैशातून बनलेलं मॉडेल डेड स्टॉकला चढलं की ते शेतावर नेता येत नाही, तोडता येत नाही, त्यातली मोटर काढून दुसऱ्याला वापरता येत नाही. निर्लेखनाला (रजिस्टरमधून काढून टाकायला) वर्ष जातं. म्हणून नमुने बनवायचं सगळं सामान 'उपभोग्य साहित्य' याच खाती खर्ची टाका. हे एक कलम केलं नाही तर सगळी कपाटं जुन्या प्रोजेक्टांनी भरतात आणि नवीन मुलांना मोटर मिळत नाही.

---

शेडनेट:

लेथवाला यांच्या यादीला +१. विषय कुठून आणायचे यावर लिहितो, कारण खरी मेख तिथे आहे.

तुमच्या भागात बेदाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. डिप्लोमाच्या प्रोजेक्टचं वेळापत्रक काय? विषय जुलै-ऑगस्टला ठरतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलं अहवाल बांधण्यात आणि परीक्षेच्या धावपळीत असतात. म्हणजे जेव्हा बेदाण्याचं शेड चालू तेव्हा मुलं मोकळी नाहीत आणि मुलं मोकळी तेव्हा शेड रिकामी. शेतीशी संबंधित बहुतेक विद्यार्थी-प्रोजेक्ट इथेच मरतात. वर्षाला चाचणीची एकच खिडकी मिळते, ती चुकली की वर्ष गेलं.

उपाय: विषय शोधायचं काम दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या, शेड चालू असताना. जूनपासून तिसऱ्या वर्षात तोच गट तीच वस्तू बनवेल. डिसेंबरअखेर नमुना चालता हवा, जानेवारीत दुरुस्त्या, फेब्रुवारीत तीन वेगवेगळ्या शेडमध्ये तीन नमुने. एकाच शेडमध्ये चालणारी वस्तू म्हणजे बऱ्याचदा त्या मालकाच्या चांगुलपणावर चालणारी वस्तू असते.

विषय शोधताना 'तुमच्या समस्या काय' असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: भाव नाही, मजूर नाही, पाऊस येतो. त्याऐवजी दोन पूर्ण दिवस शेडमध्ये उभं राहून काम लिहून काढायला सांगा. कोण, किती वेळ, काय उचलतो, काय वाया जातं. मग कामं दिसतात. दहा-बारा कप्प्यांच्या रॅकच्या वरच्या खणांत भरलेले क्रेट हातांनी चढवले जातात, तिथे हलक्या लिफ्टला जागा आहे. डिपिंगचं द्रावण (द्राक्षं वाळत टाकण्याआधी बुडवतात ते; लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल) पहिल्या घाणीला बरोबर असतं, मग माल बुडवत गेलं की त्याचा जोर उतरतो आणि पुढची भर अंदाजाने पडते. द्रावण चांगलंच अल्कधर्मी असतं, सामू ११ च्या आसपास. सामू आणि बुडवलेले क्रेट यांचा साधा तक्ता जरी मुलांनी तीन शेडमध्ये घेतला तरी तो उपयोगी पडेल. त्यात यंत्र नाही म्हणून परीक्षक नाक मुरडतील, मुरडू द्या.

उलट बेदाणा धुणे, देठ काढणे, प्रतवारी यांची यंत्रं बाजारात आधीच आहेत. तीच पुन्हा बनवून 'स्वदेशी नवकल्पना' म्हणू नका. गट विषय घेऊन आला की पहिला कागद असा हवा: आज हे काम कशाने होतं, ते किती रुपयांना पडतं, आणि तासगावच्या दुकानात याला पर्याय काय मिळतो.

आणखी एक सापळा: आर्द्रतेचा इशारा देणारं यंत्र. दरवर्षी कुठला ना कुठला गट ते करतोच. ईएसपी-३२ बोर्ड (छोटा वायफाय कंट्रोलर), स्वस्त आर्द्रता सेन्सर, मोबाइलवर मेसेज. कॉलेजात चालतं. शेडमध्ये गंधकाची धुरी दिली की सल्फर डायऑक्साइडने सेन्सरचे आकडे भरकटतात आणि तांब्याचे जोड काळे पडतात. साधी जाळी वायू अडवत नाही. सेन्सर प्लगवर ठेवा, धुरीच्या आधी उपटून बाहेर काढता आला पाहिजे, बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग (संरक्षक पातळ थर) मारा, आणि सेन्सर हंगामाला एकदा बदलायची वस्तू आहे असं धरूनच किंमत लावा. तिथे वायफाय नसतं, वीज जाते. सायरन आणि दिवा जागेवरच हवा, मोबाइल मेसेज ही वरची सोय.

'घ्याल का?' विचारलं तर आपल्याकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. पोरांचं कौतुक म्हणून हो म्हणतात. पाचशे रुपये आगाऊ मागा, पावती द्या. दहांतल्या तिघांनी दिले तर पुढे जा. एकानेही दिले नाहीत तर विषय बदला, ऑगस्ट असो की ऑक्टोबर.

---

तिरकस:

हॅकेथॉनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. २४ तासांत चहा-समोसे खाऊन 'शेतकऱ्यांसाठी ॲप' बनतं, ट्रॉफी मिळते, सोमवारी कोड कुणाच्या लॅपटॉपवर आहे हे कुणाला आठवत नाही. तेच ५०-६० हजार दहा गटांना पाच-पाच हजार करून द्या. पहिला हप्ता दोन हजार, तीन आठवड्यांनी चालती वस्तू (कितीही ओबडधोबड) दाखवली की उरलेले तीन. भाषण नको, स्लाइड नको, वस्तू टेबलावर. निम्मे गट गळतील. गळू द्या, पैसे परत मागू नका, फक्त 'काय चाललं नाही आणि का' याचं एक पान लिहून फाइलला लावून घ्या. पुढच्या बॅचला त्या फाइलचा उपयोग ट्रॉफीपेक्षा जास्त.

---

द्राक्षपट्टा:

वेळापत्रकाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, आभार. दोन शंका. संस्थाचालकांना 'पेटंट किती' हा आकडा दाखवायचा आहे. आणि दोन मुलं आत्ताच प्रायव्हेट लिमिटेड काढायला निघालीत, त्यांना काय सांगू?

---

फॉर्म_अठरा:

पेटंटपुरतं.

स्पर्धेआधी अर्ज, नंतर नाही. नमुना पोस्टरवर, यूट्यूबवर किंवा 'आविष्कार'सारख्या स्पर्धेत उघड झाला की नावीन्य गेलं. कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शनं, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांना. कॉलेजच्या प्रदर्शनाला ती मिळेल असं धरून चालू नका.

म्हणून प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन १,६०० रुपये. त्यापासून १२ महिन्यांच्या आत संपूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं पूर्ण वर्णन) द्यावंच लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. परीक्षणाची विनंती फॉर्म १८ वर, ४,००० रुपये, अग्रक्रमाच्या (म्हणजे पहिल्या अर्जाच्या) तारखेपासून ३१ महिन्यांत (ही मुदत आधी ४८ होती, २०२४ च्या नियमांत कमी झाली). हा फॉर्म राहून जातो आणि अर्ज आपोआप मरतो, कारण अर्ज केलेली मुलं तोवर पास होऊन गेलेली असतात. तारीख मुलांच्या नव्हे, कार्यालयाच्या कॅलेंडरवर टाका. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाकडे जातात.

संस्थाचालकांना एवढंच सांगा: 'दाखल', 'प्रकाशित' आणि 'मंजूर' हे तीन वेगळे आकडे आहेत. १८ महिन्यांनी प्रत्येक अर्ज प्रकाशित होतोच, मागे घेतला नसेल तर. जाहिरातीत 'आमची ४० पेटंट' म्हणतात तेव्हा बरेचदा ४० प्रकाशित अर्ज असतात.

काय मिळणार नाही ते मुलांना आधीच सांगा. कलम ३ ची तीन उपकलमं तुमच्या कामाची. ३(एच): शेती किंवा फलोत्पादनाची पद्धत. म्हणजे डिपिंगची नवी रीत अडकू शकते, डिपिंगचं यंत्र नाही. ३(के): निव्वळ संगणक प्रोग्राम किंवा व्यवसायाची पद्धत. ३(एफ): माहीत असलेल्या वस्तू शेजारी शेजारी लावणं. बाजारचा सेन्सर, बाजारचा बोर्ड आणि बाजारचा सायरन हे जिथे तिथे आपापलंच काम करत असतील तर परीक्षक हेच कलम लावणार. चीन किंवा जर्मनीत छोट्या सुधारणांसाठी युटिलिटी मॉडेल नावाचं छोटं पेटंट असतं, आपल्याकडे ती सोय नाही. वस्तूच्या बाह्य रूपाला डिझाइन नोंदणी करा, फी १,००० रुपये, संरक्षण १० आणि पुढे ५ वर्षं. बहुतेक विद्यार्थी-वस्तूंना तेवढं पुरतं.

मालकी प्रोजेक्ट सुरू होण्याआधी एका पानावर लिहा. शैक्षणिक संस्थांसाठीच्या २०१९ च्या राष्ट्रीय धोरणात संस्थेने दिलेल्या मदतीच्या बदल्यात मुलांच्या स्टार्टअपमध्ये २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असं सुचवलंय. सगळ्या अर्जांवर प्राचार्य आणि विभागप्रमुख यांची नावं 'संशोधक' म्हणून घालायची रीत मात्र बंद करा. ज्याने शोध लावला नाही त्याचं नाव घालणं हा खोटा जबाब आहे, आणि पुढे गुंतवणूकदार कागद तपासतो तेव्हा नेमका तिथेच अडतो. शेडमालकाने कल्पना सुचवली असेल तर त्याचंही नाव लिहायला लाजू नका.

---

ताळेबंद:

त्या दोन मुलांना थोडं थांबवा.

कंपनी काढणं स्वस्त, पाळणं महाग. उलाढाल शून्य असली तरी प्रायव्हेट लिमिटेडला वैधानिक ऑडिट, एओसी-४ आणि एमजीटी-७ए ही वार्षिक विवरणपत्रं भरावीच लागतात. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, कमाल मर्यादा नाही. सलग तीन वर्षं भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. पोरगं तोवर पुण्यात नोकरीला, पत्ता जुना, आणि दोन वर्षांनी लाखभराचं देणं निघतं. विशीतल्या मुलाच्या मनातून धंदा कायमचा उतरवायला यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही.

पायऱ्या अशा. पहिल्या २०-२५ नगांपर्यंत मालक एकटा (प्रोप्रायटर) म्हणून उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) करा. ती पोर्टलवर मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट खोट्या. वस्तूंच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही, मात्र माल कर्नाटकात पाठवला की लागते. तुमच्या भागात जत-अथणी अंतर किती आहे ते तुम्हाला माहीत आहे. दोघं भागीदार असतील तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी). तिला उलाढाल ४० लाख किंवा भांडवल २५ लाखांच्या वर जाईपर्यंत ऑडिट लागत नाही.

स्टार्टअप इंडियाची मान्यता मात्र प्रोप्रायटरला मिळत नाही, कंपनी, एलएलपी, नोंदणीकृत भागीदारी असं काही लागतं. सीड फंड योजनेत (२०२१ ची, नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान) अर्ज करताना ती कंपनी किंवा एलएलपी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणजे कंपनी उगाच लवकर काढली तर घड्याळ सुरू होतं आणि वस्तू तयार होईपर्यंत पात्रता जाते. हे पैसे इन्क्युबेटरमार्फत (नव्या धंद्यांना आधार देणारी केंद्रं) येतात, अर्ज सध्या घेतायत का ते त्यांनाच आधी विचारा.

किंमत ठरवणं हा सगळ्यात कच्चा दुवा. उदाहरण घ्या. सामान २,२०० रुपये. मुलं २,८०० ला विकतात आणि सहाशे सुटले म्हणून खूश होतात. आता नीट मांडा: मजुरी ६००, नापास नग २२०, पॅकिंग-पोच २००, वॉरंटीतली दुरुस्ती ३००. झाले ३,५२०. विक्री किमतीतले २० टक्के दुकानदाराचे आणि १५ टक्के स्वतःचे धरले तर किंमत सुमारे ५,४१५. जीएसटी १८ टक्के लागू असेल तर ६,३९०. एवढ्याला गिऱ्हाईक नसेल तर डिझाइन बदला, किंमत पाडू नका. मजुरी शून्य धरणं, ही विद्यार्थी-धंद्याची नेहमीची चूक. मित्र फुकट काम करतो ते पहिल्या दहा नगांपुरतं.

बँकेचं कर्ज हवंच असेल तर पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम). उत्पादनाला प्रकल्पखर्च ५० लाखांपर्यंत, ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वगैरेंना ३५ टक्के अनुदान. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. लोक चुकतात ते इथे: अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीत अडकून राहतं आणि युनिट चालू दिसलं तरच कर्जात वळतं होतं. फक्त अनुदानासाठी काढलेलं युनिट म्हणूनच बुडतं.

उधारी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे. उशिराला बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर. शिवाय आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा, साखर कारखान्याच्या लेखा विभागाला तो दिसला पाहिजे. गिऱ्हाईक शेतकरी असेल तर या कायद्याचा उपयोग नाही, तो आपला माल विकल्यावरच पैसे देणार. तिथे निम्मे आगाऊ, निम्मे पोच झाल्यावर, दुसरा पर्याय नाही.

---

शेडनेट:

ताळेबंद यांच्याशी एका बाबतीत असहमत. सगळ्यांनाच थांबवू नका. सरकारी खरेदीच्या वाटेने जाणाऱ्या गटाला कंपनी लवकर लागते. मान्यताप्राप्त स्टार्टअपला निविदेत अनामत रकमेतून सूट आणि आधीच्या उलाढाल-अनुभवाच्या अटीत शिथिलता मिळू शकते. राज्याच्या नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्यांना शासकीय विभागात प्रायोगिक कामासाठी कार्यादेश मिळतो. पहिलं गिऱ्हाईक सरकार असणं कधीकधी बीजभांडवलापेक्षा मोलाचं, बिल निघायला वेळ लागतो हे गृहीत धरून.

ट्रॅक्टरला किंवा पॉवर टिलरला लावायचं औजार करणार असाल तर आणखी एक पायरी आहे. शेतकरी महाडीबीटीवर (राज्याचं अनुदान पोर्टल) अनुदान घेऊन औजार घेतो. अनुदानाला मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागतो, राहुरी कृषी विद्यापीठ किंवा मध्य प्रदेशातलं बुदनी. अहवाल नाही तर अनुदान नाही, आणि अनुदान नाही तर दुकानदार औजार दारात उभं करत नाही, मग ते कितीही चांगलं असो. चाचणीला औजार, ड्रॉइंग, मटेरियलचा तपशील आणि फी द्यावी लागते. काही महिने धरा. म्हणून चाचणी आणि पेटंट फीचे दोन लाख वेगळे ठेवा असं लेथवाला म्हणतात ते बरोबर आहे. नापास होण्याची नेहमीची कारणं साधी असतात: पात्याची कठीणता कमी, फिरत्या भागावर गार्ड नाही, ड्रॉइंगमधलं माप आणि प्रत्यक्ष माप वेगळं.

---

कोपरासभा:

बाहेर कुठे बघायचं तर पाबळला जाऊन या, शिरूर तालुका. विज्ञान आश्रम, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा) २००२ मध्ये तिथे उभी राहिली, मुंबई-बंगळुरूला नव्हे. बघण्यासारखं लॅबपेक्षा दुसरंच आहे: मुलं वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती ही कामं गावाला लागणारी सेवा म्हणून करत शिकतात. त्यामुळे गाव आपणहून काम घेऊन येतं.

तुम्ही हेच करू शकता. शनिवारी दुरुस्ती दिवस लावा. फवारणी पंप, मोटर स्टार्टर, ठिबकचे फिल्टर, वजनकाटे. सामानाचे पैसे गिऱ्हाईकाचे, मजुरी ५० ते १०० रुपये, पावतीसह. दोन फायदे. कुठला भाग कुठे आणि का तुटतो हे मुलांच्या हाताला कळतं, आणि सहा महिन्यांची दुरुस्ती वही म्हणजेच विषयांची यादी. एकाच पंपाचा एकच वॉशर पंधरा वेळा आला तर तो विषय आहे. फक्त गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्यांना आधी भेटा. त्यांच्या पोटावर पाय येतोय असं वाटलं तर सेंटर बदनाम व्हायला आठवडा पुरतो. रिवाइंडिंग त्यांच्याकडेच पाठवा, त्यांनाच महिन्यातून एकदा मानधन देऊन शिकवायला बोलवा. इन्क्युबेशनच्या नावाखाली शहरातून आणलेल्या मेंटॉरपेक्षा त्यांना तुमचं गिऱ्हाईक जास्त माहीत आहे.

पालकांचं म्हणाल तर त्यांच्याशी वाद घालू नका. चाकणची नोकरी आणि हे काम एकमेकांविरुद्ध नाहीत. दोन वर्षं कंपनीत काढून मग धंद्यात उतरलेल्याला खरेदी, क्वालिटी आणि पुरवठादार कळलेले असतात. माजी विद्यार्थ्यांना तीन वर्षांपर्यंत सेंटर वापरता येईल असा नियम करा. पहिला खरा धंदा चालू बॅचमधून येण्यापेक्षा त्यांच्यातूनच यायची शक्यता जास्त.

---

द्राक्षपट्टा:

पुष्कळ मिळालं. कोटेशन परत पाठवतोय. इम्प्रेस्ट आणि उपभोग्य साहित्याचा ठराव पुढच्या बैठकीत ठेवतो, दुरुस्ती दिवस दिवाळीनंतर. लेथवाला, एकच: जागा जुन्या ड्रॉइंग हॉलमध्ये आहे, तिथे सिंगल फेज आहे. चालेल?

---

लेथवाला:

प्रिंटर, सोल्डरिंग आणि लेझर सिंगल फेजवर चालतील, पण एकाच सर्किटवर नको. लेझर, चिलर आणि ब्लोअर मिळून दोन-अडीच किलोवॅट धरा, त्यांना वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी. अडीचशे अँपिअरचं मिग घेणार असाल तर ते थ्री फेज, ते वर्कशॉपमध्येच ठेवा, ड्रॉइंग हॉलमध्ये ठिणग्या आणि कागद एकत्र नकोत. लेझरला स्वतंत्र अर्थिंग खड्डा घ्या, ट्यूबला हजारो व्होल्ट जातात, जुन्या इमारतीच्या अर्थिंगवर विसंबू नका. वायरमनकडून मोजून घ्या, पाच ओहमच्या खाली हवं. उन्हाळ्यात पुन्हा मोजा, माती कोरडी झाली की रोध वाढतो. प्रिंटरांना यूपीएस लावा, बेड तापताना एकेक तीनशे वॅटच्या आसपास ओढतो, दोघांना मिळून १ केव्हीए घ्या. पावसाळ्यात पीएलएचं (प्रिंटरच्या प्लास्टिकचं) रीळ उघडं ठेवलं की ओल धरतं आणि छपाईला बुडबुडे येतात. झाकणाचा डबा आणि सिलिका जेल.